छताचा दाणेदार थर काढण्याआधी

घरदुरुस्ती लेखमाला : भाग ७

गेल्या आठवड्यात भिंतीतली ओल पाहिली, आज छत. पिंपरी-चिंचवडमधल्या निगडी प्राधिकरण, संभाजीनगर, इंद्रायणीनगर या भागांतल्या काही घरांच्या छताला दाणेदार टेक्स्चर किंवा खडबडीत पीओपी असते. त्यात जळमटे अडकतात आणि रंगही जास्त लागतो. हा थर काढून छत सपाट करणे घरच्या घरी जमते. फक्त आधी छताची पारख करायला हवी.

पहिली पारख आवाजाची. लाकडी दांड्याने हलकेच ठोका. आवाज पोकळ आला तर प्लास्टरने स्लॅब सोडला आहे. तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत चीर दिसली तर आतले लोखंड गंजते आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. असे छत खरवडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायलाच हवे. तुमच्या सोसायटीत ते झाले का, हे जरूर विचारा.

दुसरी पारख पाण्याची. तळहाताएवढा भाग स्प्रेने भिजवा आणि पंधरा मिनिटांनी खरवडून पाहा. पीओपी मऊ होऊन सुटते. वर ऑइलपेंट असेल तर पाणी मुरत नाही; आधी रंगाचा थर काढावा लागतो. सिमेंटचे टेक्स्चर मात्र सुटत नाही. ते कोरडे घासले तर सिलिकाची बारीक धूळ उडून फुप्फुसात जाते. त्यावर पुट्टीचे पातळ हात देऊन ते बुजवणेच बरे.

कामाच्या दिवशी मेन स्विच बंद करा, पंखा उतरवा, जमिनीवर प्लास्टिक अंथरा. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला एन-९५ मास्क हवा. रुमाल पुरत नाही. थोडा थोडा भाग भिजवत चला. गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो. छत पूर्ण वाळल्यावर पुट्टीचे दोन हात द्या आणि दिवा आडवा धरून उंचवटे शोधा. पावसाळ्यात हे काम काढू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेत अशा छतांच्या फवाऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळत असत. १९७८ मध्ये त्या फवारणीवर बंदी आली. आपल्याकडे तेच अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यात असते. भोसरीच्या शेडवर आणि चाकणच्या कामगार खोल्यांवर असे पत्रे आजही दिसतात. त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर कर्करोग होऊ शकतो, आणि तो अनेकदा वीस-तीस वर्षांनी उघड होतो. म्हणून असा पत्रा घासू नका, कापू नका, त्याला भोक पाडू नका. बदलायचाच असेल तर ओला करून, न फोडता, जाणकाराकडूनच उतरवा आणि त्याचे तुकडे इतर राडारोड्यात मिसळू देऊ नका.

स्लॅबचा थर स्वतः काढा, सिमेंटच्या पत्र्याला मात्र हात लावू नका. खोलीचा मालक तुम्ही असाल तर भाडेकरूंनाही हे आवर्जून सांगा.