दारुडे दारुड्याला काय शिकवणार?

कुणाच्या घरातल्या दारूचा विषय निघाला आणि मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे एएच्या मीटिंगचं नाव काढलं, की ठरलेलं उत्तर येतं: "चार दारुडे एकत्र बसून काय करणार? एकमेकांना आणखी बिघडवतील!" बोलणारे बहुधा शिकलेले आणि काळजीपोटी बोलणारे असतात. मोठा भाऊ, मेहुणा, कधी कधी फॅमिली डॉक्टरसुद्धा. म्हणूनच या गैरसमजाचा जास्त संताप येतो. त्यांच्या शब्दाला घरात वजन असतं, आणि जाऊ की नको अशा घालमेलीत असलेला माणूस त्या एका वाक्यावर माघार घेतो.

एए जन्मालाच आली ती दारुडा दारुड्याशी बोलला म्हणून. १९३५ साली शेअर बाजारात काम करणारा न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला होता. दारू सोडून पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं, आणि हॉटेलच्या लॉबीत उभं असताना त्याला बार खुणावू लागला. त्याने चर्चमधल्या धर्मगुरूंना फोन लावले. उपदेश ऐकायचा नव्हता. ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा दारुडा त्यांच्या ओळखीत आहे का, हे विचारायचं होतं. न्यूयॉर्कमध्ये त्याने कित्येकांना समजावलं होतं. त्यातल्या एकाचीही सुटली नव्हती, पण समजावता समजावता त्याची स्वतःची मात्र सुटलेली राहिली होती. अ‍ॅक्रनमध्ये गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. दारूने शरीराचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, तरी ते पीत होते. पंधरा मिनिटं देतो म्हणालेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. मध्ये एकदा घसरले, पण १० जूनला त्यांनी शेवटचा पेला घेतला. तोच एएचा स्थापना दिवस मानतात.

डॉक्टरकडे ज्ञान असतं, बायकोकडे माया असते. पण स्कूटरच्या डिकीत क्वार्टर लपवणं, पगाराच्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करणं, "आजची शेवटची" असं स्वतःलाच पटवणं, हे ज्याने केलंय त्याच्यासमोर खोटं बोलून उपयोग नसतो. मीटिंगमध्ये एकेक जण स्वतःचं पहिलं नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि स्वतःपुरतं बोलतो. त्याचं बोलणं कुणी मध्येच तोडत नाही, त्याला सल्ला देत नाही. नवखा नुसता ऐकून उठला तरी चालतं. या शेअरिंगमध्ये पिण्याची मजा सांगितली जात नाही. पिण्याने काय गेलं आणि आजचा दिवस न पिता कसा काढला, हे सांगितलं जातं. यात बिघडण्यासारखं काय आहे?

ज्यांना आकडेच हवेत त्यांनी कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा पाहावा. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं आहेत. एएच्या मीटिंगकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने १०० पैकी ४२ जण दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मानसोपचारांनंतर ३५. म्हणजे निम्म्याहून अधिक जण पुन्हा प्यायले, हेही खरं. व्यसनाधीनता हा उलटणारा आजार आहे. स्लिप झाली, म्हणजे माणूस पुन्हा प्यायला, की "बघा, काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांनी मधुमेह्याची साखर पुन्हा वाढल्यावर डॉक्टर सोडायला सांगितलं असतं का? पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही अनेक कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फी नसते; खोलीचं भाडं आणि चहा सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून निघतो, बाहेरची देणगी घेत नाहीत. मीटिंग चर्चच्या खोलीत भरली म्हणून कुणी धर्म बदलत नाही. ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो कसा मानायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, नास्तिकही येतात. आडनाव, पत्ता, जात कुणी विचारत नाही. बायकांनाही दार उघडं आहे. आधी दारू सोडूनच यावं, अशी अट नाही. सोडायची इच्छा पुरे.

एका समजाने मात्र जीव जाऊ शकतो: "मनात आणलं तर उद्यापासून बंद." वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. त्यासाठी आधी डॉक्टर, गरज पडल्यास दवाखान्यात भरती, आणि सोबतीला मीटिंग. दारू सोडवायच्या गोळ्या चहातून गुपचूप देणंही बंद करा. त्यावर तो प्यायला तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

गट शोधायचा तर एएच्या हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन मोफत आहे. घरच्यांना एएच्या खुल्या मीटिंगमध्ये बसता येतं. त्यांच्यासाठी अल-अनॉन हे वेगळे गटही आहेत, आणि तिथे जायला घरातला माणूस दारू सोडायला तयार असावा लागत नाही.