अभ्यासिकेचं दार वेळेवर आपोआप उघडेल. पण लाईट गेली तर?

पहाटे पाचला पोरं अभ्यासिकेच्या दारात उभी आणि चावी ज्याच्याकडे तो अजून घरीच. हा प्रकार बऱ्याच गावांत चालतो. त्यावर उपाय म्हणजे टायमरवर चालणारं इलेक्ट्रिक कुलूप. मात्र ते घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: लाईट गेल्यावर दार उघडणार की बंद राहणार?

कुलपं दोन प्रकारची

पहिलं चुंबकाचं. चौकटीवर चुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी. 12 व्होल्टचा करंट असेपर्यंत दार घट्ट धरून ठेवतं, करंट तुटला की दार मोकळं. दुसरं खिटीचं. यातली बरीचशी कुलपं करंट मिळाल्यावरच उघडतात, लाईट गेली की बंदच राहतात.

अभ्यासिकेत माणसं बसतात, म्हणून तिथं चुंबकाचं बरं. आग लागली, लाईट गेली तरी आतला माणूस अडकत नाही. खत-बियाण्याच्या गोदामाला खिटीचं चालतं, पण आतून हाताने उघडणारी मूठ हवीच.

टायमर असा लावा

आठवड्याचा डिजिटल टायमर घ्या. त्यात प्रत्येक वाराची वेळ वेगळी भरता येते. इथं एक गंमत आहे. चुंबकाला दार *बंद* ठेवायला करंट लागतो. म्हणून रात्री 22:00 ला टायमर 'ऑन' आणि पहाटे 5:00 ला 'ऑफ' करायचा. उलटं भरलं तर रात्रभर दार उघडं! रात्रीचे दहा म्हणजे 22:00. चुकून 10:00 भरू नका.

बॅटरीचा हिशेब

साधारण अर्धा अँपिअर घेणाऱ्या चुंबकाला 7 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 14 तास पुरते. प्रत्यक्षात कमीच, आणि बॅटरी जुनी झाली की आणखी कमी. ती संपली की दार उघडं. त्यामुळे कॉम्प्युटर, इन्व्हर्टर अशा महागाच्या वस्तूंना वेगळं साधं कुलूप लावा.

हे विसरू नका

- दाराच्या आत बटण हवं. ते टायमरवर अवलंबून नको, दाबलं की चुंबकाचा करंट थेट तुटला पाहिजे.
- दार बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी घंटी वाजेल अशी सोय करा.
- टायमरमधलं घड्याळ हळूहळू मागे-पुढे होतं. महिन्यातून एकदा मोबाईलच्या वेळेशी जुळवा.
- खिटीचं कुलूप असेल तर साधी चावी दोन माणसांकडे ठेवा.

बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी दार बंद करून मेन स्विच पाडायला सांगा. एक जण आत, एक बाहेर उभा राहू द्या. आतला माणूस लगेच बाहेर आला, तरच काम पूर्ण झालं समजा.