रोगाची वेळ

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून सिहोऱ्यावरून मध्य प्रदेशाच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बपेरा याच मुलखातलं. दिवसा बाजार भरतो, लेकी माहेरी येतात, बाहेरगावी कामाला गेलेली पोरं परततात. रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. पाव्हण्यारावळ्यांच्या गर्दीत कुणाच्या मुलासाठी कुणाची मुलगी हे बोलणंही याच दिवसांत निघतं. बांधीत धान पिवळा पडत असतो आणि त्याच्या बुडाशी, ओल आहे तोवर, लाखोरी या कडधान्याचं बी फेकलं जातं.

रात्रीचं जागरण, लाखोरीची पेरणी आणि सोयरीक या तिन्हींशी एकेक आजार जोडलेला आहे. त्यांच्यावर झालेलं संशोधन वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रोग काय आहे हे शोधायला माणसांनी आयुष्यं घातली. तो गाठायचा केव्हा, हेही तितक्याच कष्टानं शोधलं. पहिलं उत्तर पुस्तकांत आणि दवाखान्यांत पोचलं. दुसरं अजून गावच्या दिनक्रमात नीट बसलेलं नाही.

आधी हत्तीरोग. भंडारा जिल्हा या रोगाच्या सरकारी यादीत वर्षानुवर्षं आहे. 1872 साली टिमथी लुइस यांना कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या रोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्लं सापडली. 1877 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय बंदरात ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. डास माणसाचा रोग वाहतो, हे तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. मॅन्सन यांनी पुढे आणखी एक नोंद केली, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते: ही पिल्लं दिवसा बोटाच्या रक्तात जवळजवळ दिसतच नाहीत. दिवसभर ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्र झाली की कातडीजवळच्या रक्तात उतरतात. आपल्याकडे हा रोग पसरवणारा, गटाराच्या आणि घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. कृमीनं आपलं वेळापत्रक डासाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतलेलं आहे.

म्हणून या रोगाचं रक्त रात्री साडेआठनंतर घ्यावं लागतं. आरोग्यसेवक काचपट्ट्या घेऊन दारोदार जातो तेव्हा दिवसभर कापणी करून आलेली माणसं आडवी झालेली असतात. बोट टोचायला कुणी आनंदानं उठत नाही. दिवसाही चालेल अशी चाचणी हवी, ही गरज संशोधकांनी ओळखली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. आज कृमीनं रक्तात सोडलेला अंश पकडणारी पट्टी मिळते आणि ती भर दुपारीही चालते. रात्रीचं रक्त तरीही लागतंच, कारण पिल्लं फिरत आहेत की नाहीत, म्हणजे या माणसाकडून डासाला रोग मिळेल की नाही, हे तेच सांगतं.

या रोगात पाय सुजतो तो संसर्गानंतर कित्येक वर्षांनी. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि त्याच्या रक्तावर डास पोसत राहतात. म्हणून निरोग्यांनाही गोळ्या द्याव्या लागतात. 2004 पासून देशातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत डीईसी या कृमिनाशक औषधाची गोळी वर्षातून एकदा देणं सुरू झालं, पुढे अल्बेंडाझोल जोडलं गेलं. मग तिसरं औषध आलं, आयव्हरमेक्टिन. पापुआ न्यू गिनीत झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिन्ही औषधं एकदाच दिलेल्या 57 जणांपैकी 55 जणांच्या रक्तात वर्षानंतर एकही पिल्लू नव्हतं. दोनच औषधं एकदा दिलेल्या 56 जणांत असे 18 निघाले. भारतात तिन्ही औषधांची मोहीम सर्वप्रथम ज्या पाच जिल्ह्यांत झाली, त्यांत आपल्या शेजारचं नागपूर होतं.

औषध उत्तम असूनही एक अडचण उरते. ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त, त्याला गोळी घेतल्यावर ताप येतो, डोकं दुखतं, गरगरतं. पिल्लं मरू लागल्याची ती खूण असते आणि एकदोन दिवसांत त्रास ओसरतो. हे आधी सांगितलं नाही तर गावात बोभाटा होतो की गोळीनं माणूस आजारी पडला, आणि पुढच्या वर्षीची गोळी देवळीत पडून राहते. समोर उभं राहून गोळी गिळायला लावण्याचा नियम त्यासाठीच आहे. गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते. दोन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायांना आणि खूप आजारी माणसांना ती देत नाहीत. दुपारी गोळ्या घेऊन जाणाऱ्या आशाताईला घरात म्हातारी आणि लेकरंच भेटतात. बाकीचं घर शेतावर असतं. मोहिमेनं संध्याकाळचं जेवण गाठावं, असं मला कळकळीनं वाटतं. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांना रोज साबणानं पाय धुणं, बोटांमधली जागा कोरडी ठेवणं आणि जखम होऊ न देणं यानं खरा आराम पडतो. अंडवृद्धी शस्त्रक्रियेनं बरी होते. लाजेपायी माणसं ती वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

लाखोरीबद्दल थोडक्यात लिहितो. कमरेखालचा ताठरपणा, मग काठी, मग दोन काठ्या, असा लाखोरी खाण्यातून येणारा तो आजार. पाय एकदा गेले की परत येत नाहीत. 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या दाण्यातलं विष वेगळं काढलं. ते ओडॅप या नावानं ओळखलं जातं. रोजच्या जेवणात अधूनमधून आलेल्या वरणानं कुणी पांगळं होत नाही. पाऊस चुकला, धान गेला आणि दोनतीन महिने ताटात मुख्यतः लाखोरीच राहिली, की हा रोग येतो. त्याची वेळ दुष्काळाची. 1961 च्या सुमारास विक्रीवर बंदी आली, पण कमी पाण्यात येणारं हे पीक शेतकऱ्यानं सोडलं नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. दाणे गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं की विषाचा मोठा भाग निघून जातो. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ‘महातिवडा’सारख्या वाणांत तो मुळातच कमी आहे. मला बंदीपेक्षा बियाण्याची ही वाट योग्य वाटते.

सिकलसेलला मात्र जास्त जागा द्यायला हवी. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या या रक्तदोषाची नोंद 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पूर्व विदर्भातल्या दलित, आदिवासी आणि इतर मागास समाजांत हा दोष मोठ्या प्रमाणावर आहे. आईबाप दोघांकडून दोष आला तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही. हे शब्द आता खेड्यांतही सर्रास बोलले जातात, आणि त्याचं बरंचसं श्रेय नागपूरच्या संपत रामटेके यांना द्यायला हवं. मुलाच्या आजारातून ते या कामात आले आणि घरोघरच्या आईबापांना त्यांनी एकत्र आणलं. 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

भारतातल्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं बराच काळ मानलं गेलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी विदर्भातली मुलं तपासली तेव्हा वारंवार भरती होणारी, हाडांच्या वेदनेनं रात्र रात्र ओरडणारी मुलं त्यांच्यासमोर होती. हायड्रॉक्सियुरिया हे औषध पाश्चात्त्य देशांत वाढवत नेऊन मोठ्या मात्रेत देतात आणि त्यासाठी रक्ताची सतत तपासणी लागते. खेड्यातल्या मुलाला ते झेपणारं नव्हतं. डॉ. जैन आणि सहकाऱ्यांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम ही ठरलेली लहान मात्रा 60 मुलांवर पारखली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी गोळी, आणि कुणाला काय ते मुलांनाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध घेणाऱ्या मुलांचे वेदनेचे झटके वर्षाला सुमारे बारावरून एकाच्याही खाली आले होते. ज्या आईनं असा एक झटका पाहिला आहे, तिला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

इथंही वेळेचा प्रश्न येतोच. जन्मलेल्या एसएस बाळाला पहिले पाचसहा महिने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन सांभाळून घेतं, म्हणून ते गुटगुटीत दिसतं. शाळांत आणि शिबिरांत होणारी विरघळण्याची साधी चाचणी या वयात फसते, आणि मोठ्या वयातही ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. पहिला घाव बहुधा न्यूमोकोकससारख्या जंतूंचा असतो, कारण या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते. अमेरिकेत 215 मुलांवर झालेल्या आणि 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिननं असे संसर्ग 84 टक्क्यांनी घटले. चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवून सगळ्यांना औषध द्यावं लागलं. पण पेनिसिलिन सुरू करायचं तर बाळाचं निदान पहिल्या महिन्यांतच व्हायला हवं. वाहक मातांच्या नवजात बाळांची टाचेच्या रक्तावरून तपासणी नागपूरमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या साथीनं झाली आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली. त्यात पाळण्यातल्या बाळाचा क्रम सगळ्यात वर असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एएस मुलीचं लग्न मोडू नये, हेही तितकंच स्पष्ट. एएसचं लग्न एए, म्हणजे दोष नसलेल्या, जोडीदाराशी झालं तर मूल एसएस होत नाही. दोघंही एएस असले तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन चांगली, असा हिशेब लावतात, तो चुकीचा आहे. फासा प्रत्येक वेळी नव्यानं पडतो. अशा जोडप्याला दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या नमुन्यावरून गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी गरोदरपणाची नोंद लवकर व्हावी लागते, आईचं रक्त त्याच दिवशी तपासावं लागतं आणि ती एएस निघाली तर बापाचंही. बाप बहुतेकदा गावात नसतो. तो नागपूरला, रायपूरला नाहीतर त्याहून लांब कामावर असतो, आणि बपेऱ्याला येतो तो दिवाळीला, मंडईला, चार दिवसांसाठी.