‘वंश’ शब्दाचा अर्थ आणि एका प्राध्यापकाचा दावा
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजने १९७८ मध्ये प्रा. अल-खझराजी यांना कायम करण्यास नकार दिला. ते मुस्लिम, जन्माने इराकी, नागरिकत्वाने अमेरिकन. नोकरी गेल्यावर ते संघीय न्यायालयात गेले. पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखालील त्यांचा दावा मुदतीबाहेर ठरला. त्या कायद्याप्रमाणे आधी समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत, बहुतेक राज्यांत ३०० दिवसांत, तक्रार करावी लागते. आयोगाचे पत्र मिळाल्यावर दाव्यासाठी फक्त ९० दिवस उरतात. हाती राहिला १८६६ चा कायदा, आणि तो केवळ वंशभेदाला लागू. कॉलेजचे म्हणणे असे की अरबही गोरेच, मग वंशभेद कसला?

यापुढचा भाग भाषेच्या अध्यापकांनी मुद्दाम पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातील शब्दकोश व ज्ञानकोश उघडले. त्यांत अरब, ज्यू, जर्मन हे निरनिराळे वंश म्हणून नोंदलेले होते. कायदा करणाऱ्यांच्या मनात तोच अर्थ होता, असे मानून १९८७ मध्ये एकमताने निकाल झाला: अरब कुळामुळे भेदभाव झाला असल्यास दावा चालेल, कारण केवळ धर्म किंवा जन्मदेश असेल तर या कायद्याखाली चालणार नाही. भेदभाव सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र प्राध्यापकांवरच राहिली.