रुग्णालयातल्या संशोधनासाठी सरकारी निधी : अर्ज सुरू कुठून करायचा?

(डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय थोडा कोरडा आहे, हे आम्हाला माहीत आहे. अर्ज, निधी, प्रमाणपत्रं हे ऐकायला संध्याकाळी कोण येतं? तरी तुम्ही आलात. तेव्हा आडवळणं न घेता बोलू.

आपल्या जिल्ह्यात वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे. हळदीवर सरकारी पैशातून संशोधन होऊ शकतं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मग हळद काढताना ज्याला साप चावतो, त्या माणसावर संशोधन कुठं होतं? त्याला गाडीत घालून नांदेडला नेतात. वाटेत काय झालं, किती वेळ गेला, आधी कुणाकडे नेलं होतं, याची नोंद बहुतेक वेळा कुठंच राहत नाही. माणूस वाचला तर घरी येतो, नाही वाचला तर तेरावा होतो. माहिती दोन्ही वेळा वाया जाते. आजचा विषय ही माहिती वाया जाऊ न देण्याचा आहे. निधी त्यासाठी हवा.

पैसा कोणाकडे असतो?

केंद्रात आरोग्य मंत्रालयाखाली दोन विभाग आहेत. दवाखाने, लसीकरण, आरोग्य अभियान हे एका विभागाकडे. दुसरा आरोग्य संशोधन विभाग, तो 2007 मध्ये स्थापन झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, या दुसऱ्या विभागाखाली येते. दवाखान्याची इमारत गळत असेल तर तो अर्ज पहिल्या दारी करायचा, संशोधनाच्या प्रयोगशाळेसाठीचा दुसऱ्या दारी. दार चुकलं की कागद महिनोन्‌महिने फिरत राहतो.

संशोधन विभागाच्या, पायाभूत सुविधा उभ्या करणाऱ्या तीन योजना लक्षात ठेवा.

पहिली योजना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आहे, बहुविद्याशाखीय संशोधन एककांची. तिला एमआरयू म्हणतात. 2013 मध्ये मंजूर झालेल्या मूळ आराखड्यात एकरकमी मदत 5 कोटी 25 लाखांची होती. त्यातले 5 कोटी यंत्रांसाठी आणि 25 लाख बांधकाम-दुरुस्तीसाठी. शिवाय कर्मचारी आणि रसायनं यांसाठी दरवर्षीचा वेगळा खर्च. भर मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांवर.

दुसरी योजना विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांची. तिच्यात तीन पायऱ्या आहेत : विभागीय, राज्य आणि वैद्यकीय महाविद्यालय.

तिसरी योजना आपल्या कामाची. आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन एकक, म्हणजे एमआरएचआरयू. हे एकक खेड्यातल्या किंवा तालुक्याच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या आवारातच उभं राहतं. जागा राज्य सरकारने द्यायची. आयसीएमआरची एखादी संस्था मार्गदर्शक म्हणून पाठीशी उभी राहते आणि जवळचं वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलं जातं.

डहाणूचं उदाहरण

महाराष्ट्रात असं एकक पालघर जिल्ह्यात डहाणूला आहे. मुंबईची प्रजनन व बाल आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था त्याची मार्गदर्शक. डहाणू आदिवासी तालुका, भातशेती, पावसाळ्यात सर्पदंश. तिथल्या संशोधकांनी सर्पदंश हाच विषय हाती घेतला. लोक आधी कुणाकडे जातात, दवाखान्यात पोचायला उशीर का होतो, डॉक्टर आणि आशाताई यांना कोणतं प्रशिक्षण लागतं, हे त्यांनी तपासलं. भगताला शिव्या देऊन काम भागत नाही, त्यालाच सोबत घेऊन रुग्ण लवकर दवाखान्यात कसा पोचेल ते पाहावं लागतं, हे तिथल्या कामातून शिकण्यासारखं आहे.

मार्च 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं केंद्राने राज्यांना कळवलं. म्हणजे आपल्या शेतातला प्रश्न आज दिल्लीच्या कागदावरही आहे. अर्ज करणाऱ्याला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळत नाही.

अर्ज कोण करू शकतं?

इथं स्पष्ट बोलायला हवं. डोंगरकड्याच्या आरोग्य केंद्राने उठून दिल्लीला अर्ज पाठवला तर तो मंजूर होणार नाही. ग्रामीण एककाचा प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो. एमआरयूसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लागतं. पण ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोली आहे. इतकी वर्षं "आपल्या जिल्ह्यात कॉलेजच नाही" हे कारण होतं, ते आता गेलं.

खाजगी किंवा धर्मादाय रुग्णालयाची वाट वेगळी आहे. त्यांनी आयसीएमआरकडे एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठी अनुदान मागायचं. त्याआधी केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडून संशोधन संस्था म्हणून मान्यता घ्यावी लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्जाची जाहिरात निघायच्या आधीच तयारी सुरू करा.

आमची पहिली फजिती

आम्ही काही वर्षांपूर्वी एका छोट्या रुग्णालयासाठी पहिला प्रस्ताव लिहिला. खरं सांगतो, ती यंत्रांची यादी होती. उणे 80 अंशांचा फ्रीझर, पीसीआर, सूक्ष्मदर्शक, संगणक. शेवटी एक परिच्छेद, "याचा परिसरातील जनतेला लाभ होईल." प्रस्ताव परत आला. शेरा साधा होता : संशोधनाचा प्रश्न कोणता?

आम्हाला राग आला. मग आम्हीच एकमेकांना विचारलं, त्या फ्रीझरमध्ये ठेवायचं काय होतं? उत्तर नव्हतं. जनरेटरही नव्हता. वीज रात्रभर गेली असती तर आत ठेवलेले नमुने सकाळी फेकावे लागले असते. ती चूक आमची होती, दुसऱ्या कुणाची नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे, आधी प्रश्न, मग नोंदवही, शेवटी यंत्र.

हा क्रम महाराष्ट्रात आधीच सिद्ध झालेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण खाटेशेजारी बसून पाहिले, तासातासाला नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथं जीव वाचवतं, हे दाखवलं. 1982 मध्ये त्यांचं पत्र 'लॅन्सेट'मध्ये आलं. 2011 मध्ये 70 रुग्णांवरची त्यांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन पाहिली. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याचं मूळ त्या कामात आहे. या दोन्ही ठिकाणी महागड्या यंत्राआधी नीट ठेवलेली नोंद होती.

प्रस्तावात काय लिहायचं?

सर्पदंशाचंच उदाहरण घेऊ. "परिसरात सर्पदंश फार आहेत" हे वाक्य पुरेसं नाही. मागच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढा. किती रुग्ण आले, कोणत्या महिन्यात, दंशापासून दवाखान्यापर्यंत किती तास गेले, किती पुढे पाठवले, पुढे पाठवलेल्यांचं काय झालं? शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो. तो रिकामा रकाना हाच तुमचा प्रश्न. "पुढे पाठवलेल्या रुग्णांचा फोनवर पाठपुरावा केला आणि वाटेतला वेळ कमी केला, तर अपंगत्व आणि मृत्यू घटतात का?" असा प्रश्न असेल तर परीक्षक पुढचं पान उलटतो.

दुसरं, खर्च. यंत्राची किंमत सगळे लिहितात, ते चालवायची किंमत विसरतात. समजा एक यंत्र 20 लाखांचं आहे. वर्षाला 1,500 तपासण्या, एका तपासणीला 300 रुपयांचं किट, म्हणजे साडेचार लाख. तंत्रज्ञाला महिना 25,000, म्हणजे वर्षाला 3 लाख. पाच वर्षांचे झाले साडेसदतीस लाख. वॉरंटी तीन वर्षांची धरली आणि नंतर देखभालीला वर्षाला 1 लाख, तर आणखी 2 लाख. म्हणजे 20 लाखांचं यंत्र पाच वर्षं चालवायला साडेएकोणचाळीस लाख लागतात. ही रक्कम कुठून येणार हे प्रस्तावात नसेल, तर यंत्र मिळूनही ते प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून राहतं.

तिसरं, आधीच काय आहे ते सांगा. पंतप्रधान आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत अभियान 2021 मध्ये सुरू झालं. जिल्हा पातळीवर एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारणं हा त्याचा एक भाग. जी तपासणी जिल्ह्याला होऊ शकते, तिचं यंत्र गावात मागू नका. नमुना जिल्ह्याला नेण्याचा खर्च मागा, तो स्वस्त पडतो आणि पटतोही.

नैतिक समिती

माणसांवर संशोधन म्हटलं की नैतिक समिती आली. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, कायदा जाणणारी व्यक्ती हवी आणि एक सामान्य नागरिकही हवा. समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी ती राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत नोंदवावी लागते.

काही जणांना हे निव्वळ कागदी वाटतं. पण विचार करा, गावात कुणाला कोणता आजार आहे हे चार घरांत कळलं तर मुलीचं लग्न मोडतं. ज्याचं रक्त घेतलं त्याला "कशासाठी घेतलं" हे त्याच्या भाषेत कळायलाच हवं, आणि "नको" म्हटलं तरी त्याचा उपचार थांबता कामा नये.

पैसा आल्यावर

मंजुरीने काम संपत नाही. वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. बँकेत पडलेल्या अनुदानावर व्याज मिळालं तर तेही सरकारचं. आमच्या एका प्रकल्पात आम्ही व्याजाची रक्कम वेगळी दाखवली नाही. रक्कम किरकोळ होती, पण ती जुळवण्यात हप्ता लांबला आणि आमच्या तंत्रज्ञाचा पगार थकला. त्याच्या घरी काय झालं असेल, ते आम्ही अजून विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, डॉक्टराइतकाच हिशेबनीस महत्त्वाचा. त्याचं नाव प्रस्तावाच्या पहिल्या बैठकीपासून यादीत घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

एका आशाताईंनी विचारलं, "आमच्या डोक्यावर आधीच पंधरा रजिस्टरं आहेत. हे सोळावं कशाला?" ताई, प्रश्न रास्त आहे. सोळावं काढायचंच नाही. आहे त्या नोंदीत दोन रकाने वाढवायचे, आणि त्या कामाचा मोबदला प्रस्तावात लिहायचा. तुमच्या श्रमाचा खर्च न दाखवणारा प्रस्ताव अर्धवट आहे, असंच आम्ही मानतो.

एका शेतकरी दादांनी विचारलं, "मंजूर होईल का पण?" दादा, खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण नोंदी ठेवायला मंजुरी लागत नाही. उद्यापासून दंशाची वेळ आणि दवाखान्यात पोचल्याची वेळ, एवढ्या दोनच गोष्टी नीट लिहायला लागलो, तर वर्षभरात आपल्या हाती असं काही येईल जे आज कुणाकडेच नाही. अर्ज नामंजूर झाला तरी रुग्णवाहिका कुठं उभी ठेवायची हे त्या वहीवरून ठरवता येईल.

तेव्हा पुढची पायरी सोपी आहे. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, एक आशाताई, ग्रामपंचायतीचा एक माणूस आणि हिशेब जाणणारा एक, असे चौघे एकत्र बसा. जुनी नोंदवही उघडा आणि रिकामे रकाने मोजा. तो आकडा घेऊन हिंगोलीच्या महाविद्यालयात जा. यंत्रांची यादी मात्र त्या दिवशी घरीच ठेवा.