प्राध्यापकाचा ट्रॅक्टर

काव्यशास्त्र शिकविणाऱ्याने ट्रॅक्टर घ्यावा, याचे आमच्या सौभाग्यवतींना अजून नवल वाटते! पण नागपुराहून ६० किलोमीटरवर, काटोलकडे, आमचा संत्र्याचा बगीचा काळ्या जमिनीत आहे. पाणी साचले की डिंक्या रोग झाड पोखरतो. चर खणण्यासाठी छोटा ट्रॅक्टर घेतला. पुढे माती उचलणारे सुपडे, मागे खोदणारा हात. रांगांतून सहज फिरतो. मात्र सांध्यांच्या पिनांना दर दहा तासांच्या कामामागे ग्रीस हवे. पेपर तपासण्याच्या गडबडीत मी उन्हाळाभर विसरलो. ऐन पावसात पिन गंजून अडकली.

"सर, बैलाले चारा कोनी इसरते काय?" मिस्त्री म्हणाला.

दिवाळीपर्यंत वडिलांनी लावलेली ११ झाडे वाळली. ते काही बोलले नाहीत. रविवारी मी पोचलो की ग्रीसगन तेवढी हातात ठेवतात.