शाळा, दवाखाना आणि शेतकऱ्याची जमीन

सरकारानें धरणावर व सडकेवर घातलेला पैसा तेवढा उत्पादक, शाळा-दवाखान्यांवरील पैसा मात्र केवळ धर्मादाय, अशी समजूत शेतकरीवर्गांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. केरळचा इतिहास पाहतां ती टिकत नाहीं.

१९५६ सालीं झालेल्या केरळ राज्यांत निरनिराळ्या राजवटींचे प्रदेश एकत्र आले: दक्षिणेकडे त्रावणकोर व कोचीन या पूर्वींच्या संस्थानांचा बहुतेक मुलूख, आणि उत्तरेकडे मद्रास इलाख्यांतील मलबार. भात, नारळ, मिरीं हीं पिकें दोहोंकडे सारखींच. परंतु राज्यकारभार वेगळा. त्रावणकोरांत १८१७ सालीं राणी गौरी पार्वतीबाई यांनीं शिक्षणाचा खर्च सरकारानें सोसावा असें जाहीर केलें. १८७९ सालीं विद्यार्थी व सरकारी नोकर यांस देवी टोचून घेणें सक्तीचें झालें. १८६५ सालीं तेथील सरकारी जमिनीच्या कुळांस मालकी हक्कही मिळाले. मलबारांत कुळें जन्मींच्या हाताखालीं राहिलीं, शाळा व दवाखानेही तुलनेनें थोडे. अर्थात् मलबार मागें पडला. १९५६ नंतर नव्या सरकारानें तेथें शाळा व दवाखाने वाढविले, तेव्हां हें अंतर कमी होत गेलें.

याचें कारण शेतकऱ्यास सांगावयास नको. घरांत दुखणें आलें व जवळ सरकारी दवाखाना नसला, म्हणजे प्रथम सावकार, मग बैलजोडी व अखेर जमीन, असा क्रम लागतो. चांगल्या पिकाचा पैसाही त्यांतच जिरतो.

हा प्रश्न आपल्याही राज्यांत आहे. आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांवरून दारिद्र्य मोजणारा नीति आयोगाचा अहवाल २०२१ सालीं निघाला. २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या त्या मोजणींत केरळांत शेंकडा एकाहून कमी, तर नंदुरबार जिल्ह्यांत निम्म्याहून अधिक लोक दरिद्री ठरले. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष दांडेकर समितीनें १९८४ सालीं मोजून दाखविला होता. त्यानंतर १९९४ सालीं स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत २०२० सालीं संपली.

मागासलेल्या भागास केवळ लोकसंख्येप्रमाणें वांटा देणें म्हणजे जुनें अंतर कायम राखणें होय. तेथें कांहीं काळ अधिकच दिलें पाहिजे. शिवाय डॉक्टराची व शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर मंजूर रक्कमही गांवापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून ग्रामसभेंत पाटाच्या पाण्याइतक्याच आस्थेनें या जागांची चौकशी शेतकऱ्यांनीं करावी. तींत त्यांच्या जमिनीचें रक्षण आहे.